खाद्यात तेल घातलं, म्हणून अंडं ‘हृदयाला चांगलं’ झालं का?

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. त्या आणि त्यांचे थोरले भाऊ मिळून अंड्यांवरच्या तीनशे कोंबड्या पाळतात. खाद्य तयार आणतात. ओळखीतल्या एकाने सुचवलं म्हणून त्यांनी त्या खाद्यात वरून सूर्यफुलाचं तेल मिसळायला सुरुवात केली, शंभर किलोला तीन किलो. आधी सगळं छान चाललं. अंडी मोठी झाली, खाद्य कमी लागू लागलं, पिसांवर चकाकी आली. भावाचं म्हणणं असं, की वनस्पती तेलामुळे अंड्यातलं कोलेस्टेरॉल उतरतं, तेव्हा डब्यावर ‘कमी कोलेस्टेरॉल, हृदयासाठी उत्तम’ असं छापून घ्यावं. छपाईचा नमुनाही तयार आहे. पण अलीकडे कवचं पातळ झाली आहेत, गोळा करता करताच अंडी तडकतात. त्यातच नेहमीच्या एका ग्राहकाने विचारलं, “वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, तुमची अंडी त्यांना चालतील ना?” त्या काहीच बोलू शकल्या नाहीत. आता त्या विचारतात: सूर्यफुलाऐवजी जवस घालावा का? पामतेल स्वस्त पडतं, ते चालेल का? तेलाने कोंबडीच्या लिव्हरवर चरबी चढते असं ऐकलंय, ते खरं का? आणि भावाला न दुखावता डब्याचं काय करायचं?

त्या ग्राहकापुढे तुम्ही गप्प राहिलात, हे बरं केलंत. खात्री नसताना आजारी माणसाच्या ताटाबद्दल ‘हो’ म्हणणं तुम्हाला जमलं नाही, आणि त्यासाठी स्वतःला दोष देण्याचं काहीच कारण नाही. त्यांना काय सांगायचं ते शेवटी बघू. त्याआधी तुमच्या पत्रात गृहीत धरलेल्या दोन गोष्टी तपासायला हव्यात. एक, की वनस्पती तेलाने अंड्यातलं कोलेस्टेरॉल कमी होतं. दुसरी, की खाद्य कमी लागलं म्हणजे बचत झाली. दोन्ही गोष्टी ऐकायला इतक्या पटण्यासारख्या आहेत की अनेक अनुभवी पोल्ट्रीवालेही त्या धरून चालतात.

कोलेस्टेरॉलचं आधी घेऊ, कारण तुमची छपाई त्यावर अडली आहे.

साठ ग्रॅमच्या अंड्यात साधारण पाच ते सहा ग्रॅम चरबी असते, ती जवळजवळ सगळी बलकात. कोलेस्टेरॉल १८० ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास. हे कोलेस्टेरॉल कोंबडी खाद्यातून उचलून अंड्यात भरत नाही. वनस्पती तेलात ते जवळपास नसतंच. ती ते स्वतःच्या लिव्हरमध्ये तयार करते, कारण अंड्यात वाढणाऱ्या पिलाला ते लागतं. पेशींची आवरणं, मेंदू, हार्मोन्स, सगळ्यासाठी. लिव्हरमध्ये चरबीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते रक्तातून थेट अंडाशयाकडे जातात आणि वाढत्या बलकात जसेच्या तसे शिरतात. या कणांची घडण ठरलेली असते, त्यात कोलेस्टेरॉलचा वाटाही ठरलेला असतो. तेल सूर्यफुलाचं द्या, सोयाबीनचं द्या, नाहीतर करडईचं, कोंबडी हा वाटा फारसा सोडत नाही. औषधं देऊन तो खाली ओढायचे प्रयत्न झाले आहेत. तेव्हा असं दिसलं की एका मर्यादेपलीकडे कोंबडी अंडी देणंच कमी करते. पिलाला पुरणार नाही असं अंडं घालण्यापेक्षा ती अंडं घालत नाही.

तुमची अंडी मोठी झाली आहेत. त्याबरोबर बलकही मोठा झाला असेल, तर एका अंड्यामागे कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी किंचित वाढलेलंच असेल. म्हणून ‘कमी कोलेस्टेरॉल’ हे शब्द डब्यावर जाऊ देऊ नका. भावाचा हेतू चांगला असेल, आहेच, पण ते विधान खरं नाही.

मग तेलाने अंड्यात काहीच बदलत नाही का? बदलतं, आणि चांगलंच बदलतं. बदलतो तो चरबीचा प्रकार. हे काही नवं नाही. १९३४ साली ई. एम. क्रुकशँक यांनी कोंबड्यांना वेगवेगळी तेलं देऊन बलकातली चरबी तपासली होती. त्यांना दिसलं ते आजही तसंच दिसतं: बलकातल्या संपृक्त चरबीचं प्रमाण फारसं हलत नाही, एकूण चरबीच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहतं, पण असंपृक्त चरबी मात्र खाद्यातल्या तेलाप्रमाणे झटकन बदलते. कोंबडी संपृक्त चरबी पिठूळ अन्नापासून स्वतः बनवू शकते, म्हणून तिचं प्रमाण ती सांभाळते. लिनोलिक आणि लिनोलेनिक ही असंपृक्त चरबीतली आम्लं तिला बनवता येत नाहीत, ती खाद्यातूनच येतात. म्हणून जे द्याल ते बलकात उतरतं.

आता सूर्यफुलाच्या तेलाकडे या. नेहमीच्या सूर्यफूल तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६ गटातली चरबी. ओमेगा-३ जवळजवळ शून्य. तेव्हा तुमच्या अंड्यांत गेल्या काही आठवड्यांत ओमेगा-६ वाढलं असणार, ऑलिक आम्ल (आणखी एक असंपृक्त चरबी) कमी झालं असणार. हे वाईट नाही. पण लोक ‘हृदयाला चांगलं अंडं’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ओमेगा-३ असतं, आणि ते तुमच्या अंड्यांत वाढलेलं नाही. शिवाय कोंबडीला लिनोलिक आम्ल लागतं ते खाद्याच्या सुमारे एक टक्का. मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात तेवढं बहुधा आधीच असतं. त्याच्या वर दिलेल्या लिनोलिक आम्लाचा तुम्हाला दिसलेला परिणाम एकच, मोठं अंडं.

आणि मोठं अंडं ही नेहमी चांगली बातमी नसते. कोंबडी एका अंड्यावर जेवढं कवच चढवते ते जवळपास ठरलेलं असतं. अंडं मोठं झालं की तेच कवच जास्त जागेवर पसरतं आणि पातळ होतं. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, नुकत्या अंड्यावर आल्या असतील, अंडी लहान येत असतील, तेव्हा आकार वाढवायला जास्त लिनोलिक आम्ल उपयोगी पडतं. तुमच्या कोंबड्यांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. त्या वर्षाच्या पुढे गेल्या असतील तर उलट करावं लागतं: अंडं फार मोठं होऊ नये म्हणून लिनोलिक आम्ल आणि मेथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) आवरतं घेतात.

पण तुमची कवचं पातळ व्हायचं मोठं कारण वेगळं आहे, आणि ते दुसऱ्या गृहीतकात दडलं आहे.

कोंबडी पोट भरायला नाही, ऊर्जेची गरज भागवायला खाते. खाद्य ऊर्जेने भारी झालं की ती कमी खाते. मक्याच्या एका किलोतून तिला सुमारे ३३०० किलोकॅलरी मिळतात; वनस्पती तेलाच्या एका किलोतून ८८०० च्या आसपास. आता तुमच्या पोत्याचा हिशेब मांडून बघू. तुमच्या तयार खाद्याचे नेमके आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून नेहमी आढळणारे धरते. समजा खाद्यात २७०० किलोकॅलरी, १७ टक्के प्रथिनं आणि ३.८ टक्के कॅल्शियम आहे. कोंबडीची रोजची गरज ३०० किलोकॅलरी धरली, तर ती दिवसाला १११ ग्रॅम खाईल. त्यातून तिला जवळपास १९ ग्रॅम प्रथिनं आणि ४.२ ग्रॅम कॅल्शियम मिळेल. आता या खाद्यात तीन टक्के तेल घाला. ऊर्जा होते २८८० च्या पुढे, कोंबडी खाते १०४ ग्रॅम. तेलात ना प्रथिनं ना कॅल्शियम, म्हणजे बाकीचा माल तेवढा पातळ झाला. तिच्या पोटात आता जातात १७ ग्रॅमच्या थोडं वर प्रथिनं आणि ३.८ ग्रॅम कॅल्शियम. जीवनसत्त्वं, फॉस्फरस, मेथिओनिन, सगळंच याच प्रमाणात घटतं.

एका अंड्याच्या कवचात सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मंच कोंबडीच्या कामी येतं. आधीच काठावर असलेल्या हिशेबातून रोज चार दशांश ग्रॅम कमी झालं, त्याच वेळी अंडं मोठं झालं. पहिले काही दिवस कोंबडी हाडांतला साठा वापरून वेळ मारून नेते, म्हणून तुम्हाला सुरुवातीला फरक दिसला नाही. साठा उतरला तशी कवचं बोलू लागली. तुम्हाला दिसलेली खाद्याची बचत खरी आहे, पण तिची किंमत कोंबडी आपल्या हाडांतून देत होती.

म्हणून तेल खाद्यात वरून घालायची वस्तू नाही. ते आत बसवायचं असतं. एक किलो तेल ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे पावणेतीन किलो मक्याची जागा घेतं. तेवढा मका काढला की त्यातली प्रथिनंही गेली, ती सोयापेंडीतून भरायची. कॅल्शियम, फॉस्फरस, प्रिमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं तयार मिश्रण) यांची टक्केवारी वाढवायची, कारण कोंबडी आता दिवसाला कमी ग्रॅम खाणार आहे. ही जुळवाजुळव घरी अंदाजाने करू नका. तुमचं खाद्य जिथून येतं तिथल्या पशुआहार तज्ज्ञाला ‘एवढं तेल धरून खाद्य बांधून द्या’ असं सांगा. आणि हेही विचारा, की सध्याच्या खाद्यात आधीच किती तेल आहे. तयार खाद्यात थोडं तेल असणं अगदी नेहमीचं आहे, आणि तेलावर तेल घालणाऱ्यांना ते माहीत नसतं.

आज-उद्या काय करायचं ते इथेच सांगते. तेल एकदम तोडू नका. आठवड्याभरात टप्प्याटप्प्याने कमी करत मूळ खाद्यावर या. दुपारनंतर एका वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा जाडसर चुरा ठेवा, दाणे दोन ते चार मिलिमीटरचे. पीठ नको. कवच मुख्यतः रात्री चढतं, तेव्हा खाद्य पोटात येत नसतं. जाड दाणा पेषणीत रेंगाळतो आणि रात्रभर झिरपत राहतो. ज्या कोंबडीला गरज आहे ती आपण होऊन जास्त उचलते. आठवड्या-दोन आठवड्यांत कवचांत फरक दिसायला हवा. नाही दिसला, तर कारण तेलाच्या बाहेर शोधावं लागेल: उष्मा, कोंबड्यांचं वय, एखादा आजार. तेव्हा पशुवैद्यांना दाखवा.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, मग तेल नकोच. तसं नाही. योग्य हिशेबात बसवलेलं एक-दोन टक्के तेल हे चांगलं खाद्य आहे. उन्हाळ्यात तर फारच. उकाड्यात कोंबडी खाणं सोडते, कारण अन्न पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. तेल पचताना ती पिठूळ पदार्थ किंवा प्रथिनांपेक्षा कमी तयार होते, आणि थोड्या खाद्यात जास्त ऊर्जा मिळते. तेलामुळे अन्न आतड्यातून जरा सावकाश सरकतं, त्यामुळे बाकीचं खाद्यही थोडं जास्त पचतं. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं आणि बलकाला रंग देणारी रंगद्रव्यं चरबीत विरघळूनच शोषली जातात. आणि खाद्याची धूळ कमी उडते, हे तुमच्या स्वतःच्या छातीसाठीही बरं.

लिव्हरबद्दल तुम्ही ऐकलंत त्यात अर्धं तथ्य आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांना फॅटी लिव्हरचा त्रास होतो: चांगली अंडी देणारी, वजनदार कोंबडी अचानक मरून पडते, तुरा फिका पडलेला, पोट उघडलं तर पिवळं, भुसभुशीत लिव्हर आणि रक्ताची गाठ. पण त्याचं मूळ गरजेपेक्षा जास्त ऊर्जेत असतं, त्यातही जास्त मक्याच्या पिठूळ ऊर्जेत. पक्ष्यांत चरबी बनवण्याचं काम मुख्यतः लिव्हर करतं. एकूण ऊर्जा तेवढीच ठेवून तिचा काही भाग तेलातून दिला, तर लिव्हरचं काम उलट हलकं होतं. वरून घातलेल्या तेलाचा धोका असा, की कोंबडी खाणं कमी करते पण बरोबर तेवढंच कमी करते असं नाही. रोज थोडी ऊर्जा शिल्लक राहते आणि चरबी साठते. वीस-पंचवीस कोंबड्या रात्री पकडून तोला, महिन्याने पुन्हा तोला. त्यांच्या जातीच्या तक्त्यातल्या वजनाच्या फार पुढे गेल्या असतील तर ते पहिलं लक्षण समजा.

आता जवस. तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे.

जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-३ गटातलं मूळ आम्ल. कोंबडी ते दोन प्रकारे वापरते. बरंचसं जसंच्या तसं बलकातल्या चरबीत जातं. थोड्याची साखळी लिव्हरमध्ये लांबवली जाऊन त्याचं डीएचए हे ओमेगा-३ गटातलंच आम्ल होतं. मेंदू आणि डोळ्यांच्या पडद्यात भरपूर असतं ते हेच, आणि माणसाचं शरीर ते जवसापासून फार थोडं बनवू शकतं. कोंबडी हे काम माणसापेक्षा बरंच चांगलं करते. १९९० च्या दशकात कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात यावर पुष्कळ काम झालं आणि जवसावरच्या कोंबड्यांची अंडी तिथून बाजारात आली. खाद्यात दहा टक्के जवस असेल तर एका अंड्यात डीएचए साधारण ८० ते १०० मिलिग्रॅमपर्यंत जातं, नेहमीच्या अंड्याच्या दुप्पट-तिप्पट. लिनोलेनिक आम्ल काहीशे मिलिग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० साली प्रौढांसाठी डीएचए आणि ईपीए (त्याच गटातलं आणखी एक आम्ल) मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम पुरेसे मानले, त्याच्याशी ताडून पाहिलं तर अशी दोन अंडी मोलाची ठरतात.

पण जवस वाढवत गेलं म्हणून डीएचए वाढत जात नाही. ते एका पातळीला येऊन थांबतं, पुढे फक्त लिनोलेनिक आम्ल वाढतं. डीएचए त्याहून वर न्यायचं तर खाद्यात सागरी शेवाळ किंवा मासळीचं तेल घालावं लागतं. आणि जवसाबरोबर सूर्यफुलाचं तेल चालू ठेवलंत तर हातचं जाईल. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ लांबवण्याचं काम तीच एन्झाइमं करतात. एकाची गर्दी झाली की दुसऱ्याला वाट मिळत नाही. जवस आणायचा असेल तर सूर्यफूल थांबवूनच.

जवसाचे आपले काही हट्ट आहेत. कच्च्या दाण्यात सायनाइड सोडणारे घटक थोड्या प्रमाणात असतात, ब-६ जीवनसत्त्वाला अडवणारा एक घटक असतो, आणि चिकट डिंक असतो, ज्यामुळे विष्ठा ओली, चिकट होते. म्हणून दहा टक्के ही वरची हद्द समजा. सुरुवात तीन-चार टक्क्यांपासून करा. उष्णता देऊन प्रक्रिया केलेला जवस मिळाला तर उत्तम. वाढत्या तलंगांना देऊ नका. दळाल तर दोन-तीन दिवसांपुरताच दळा, कारण दळलेल्या जवसाचं तेल हवेत उघडं पडतं आणि लवकर खवट होतं. याच कारणाने खाद्यात ई जीवनसत्त्व वाढवायला हवं, किलोमागे ५० ते १०० मिलिग्रॅम. ते कोंबडीच्या लिव्हरला जपतं, बलकातली नाजूक चरबी टिकवतं आणि स्वतःही बलकात उतरतं, म्हणजे खाणाऱ्यालाही मिळतं. जवसावर बराच काळ ठेवलेल्या कोंबड्यांच्या लिव्हरमध्ये रक्तस्राव वाढल्याचं आढळलेलं आहे, तेव्हा ई जीवनसत्त्वात काटकसर नको.

जवस जास्त झाला की अंड्याला माशासारखा वास येऊ शकतो. तपकिरी अंड्यांच्या काही कोंबड्यांत जन्मतःच असा दोष असतो की त्या ट्रायमिथिलअमाइन नावाचं वासाचं द्रव्य मोडू शकत नाहीत. मोहरीवर्गीय पेंड दिली तर त्यांच्याच अंड्यांना असा वास येतो. विकण्याआधी पाच-सहा अंडी उकडून घरातल्या सगळ्यांना गरम असतानाच हुंगायला द्या. वास गरम अंड्यात कळतो.

बाकी तेलांचं थोडक्यात. सोयाबीनचं तेल सगळ्यात सोयीचं. लिनोलिक आम्ल भरपूर, थोडं ओमेगा-३ही, पचतंही चांगलं. पामतेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम खूप असतं, आणि संपृक्त आम्लं कॅल्शियमशी मिळून आतड्यात न विरघळणारा साबण बनवतात; तो तसाच बाहेर पडतो, तेल आणि कॅल्शियम दोन्ही घेऊन. ज्यांची कवचं आधीच पातळ आहेत त्यांनी निव्वळ पामतेलाच्या वाटेला जाऊ नये. वापरायचंच तर सोयाबीन तेलात मिसळून, थोडं. सरकीचं तेल मात्र अंड्यावरच्या कोंबड्यांना नकोच. त्यातली काही विशिष्ट आम्लं बलकाचं आवरण सैल करतात, आणि साठवलेल्या अंड्यात पांढरा भाग गुलाबी पडतो. सरकीतलं गॉसिपॉल बलकाला हिरवट-तपकिरी छटा आणतं. गिऱ्हाइकाने असं अंडं एकदा फोडलं की ते परत येत नाही.

तळणीचं उरलेलं तेल कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. वारंवार तापवलेल्या तेलात खराब झालेली चरबी असते, ती खाद्यातल्या ई जीवनसत्त्वाचा फडशा पाडते, कोंबडीच्या आतड्याला आणि लिव्हरला त्रास देते, आणि तिचा काही अंश अंड्यातही येतो. तुमच्या कोंबड्यांचं अंडं कोणाचं तरी लहान मूल खाणार आहे.

मिसळण्याकडेही बघा. तीन टक्के तेल पोत्यावर ओतून फावड्याने वरखाली केलं, तर काही ठिकाणी लाडूसारख्या गुठळ्या होतात आणि काही खाद्य कोरडंच राहतं. पुढच्या कोंबड्या तेलकट भाग उचलतात, मागच्यांना भुकटी. तेल आधी थोड्या दळलेल्या मक्यात हाताने चोळून घ्या, गुठळ्या चाळणीने फोडा, मग तो मका सगळ्या खाद्यात फिरवा आणि जाड शिंपला सगळ्यात शेवटी घाला. असं खाद्य उकाड्यात आठवड्याहून जास्त साठवू नका. साठवलेल्या खाद्यातून मूठभर काढून नाकाशी धरा. जुन्या रंगासारखा उबट वास आला तर टाकून द्या.

राहता राहिला डबा, आणि तुमचे भाऊ. मला नाही वाटत तुमच्यात खरा वाद आहे. त्यांना आपल्या अंड्याचं वेगळेपण सांगायचं आहे. तुम्हाला खोटं सांगायचं नाही. दोन्ही एकत्र जमतं. त्यांना ‘तुमचं चुकलं’ म्हणण्याऐवजी वर मांडलेला खाद्याचा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा, आपल्या पोत्यावरचे आकडे घालून. कवचं का तडकतात हे त्यांनाही हवंच आहे. उत्तर त्यांच्या हातून निघू द्या. मग जवसाचा मार्ग पुढे ठेवा. बलक अंडाशयात झपाट्याने भरतो तो अंडं पडण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत, त्यामुळे खाद्य बदलल्यावर अंड्याची चरबी पूर्ण बदलायला सुमारे तीन आठवडे लागतात. महिनाभराने वेगवेगळ्या दिवसांची डझनभर अंडी अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या आणि फॅटी अ‍ॅसिड प्रोफाइल (कोणती चरबी किती, याचा तक्ता) मागा, एका अंड्यामागे डीएचए किती हे लिहून. जो आकडा हाती येईल तोच डब्यावर, आधी तुमच्याकडच्या लेबलच्या नियमांत बसतो का हे बघून. युरोपीय संघात ‘ओमेगा-३ चा स्रोत’ एवढं म्हणायलाही शंभर ग्रॅममागे आणि शंभर किलोकॅलरीमागे किमान ४० मिलिग्रॅम डीएचए आणि ईपीए, किंवा ०.३ ग्रॅम लिनोलेनिक आम्ल दाखवावं लागतं. ‘हृदयासाठी उत्तम’ हा आकडा नाही, तो उपचाराचा दावा वाटतो, आणि तो करायचा अधिकार पोल्ट्रीवाल्याला नसतो. ‘जवसावर पोसलेल्या कोंबड्यांची अंडी’ हे मात्र जवस सुरू करून तीन आठवडे झाले की तुम्ही प्रामाणिकपणे सांगू शकता.

आणि त्या ग्राहकाला? त्यांना सांगा, की आमच्या अंड्यांत कोलेस्टेरॉल इतर अंड्यांइतकंच आहे. निरोगी माणसासाठी खाण्यातल्या कोलेस्टेरॉलची धास्ती पूर्वीइतकी राहिलेली नाही. अमेरिकेच्या २०१५ ते २०२० साठीच्या आहार मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढली गेली. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त चरबीचा हात जास्त असतो. पण त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन झालं आहे. मधुमेह आहे का, रक्ताचे आकडे काय आहेत, औषधं कोणती, हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून बलकासकट आठवड्याला किती अंडी चालतील हे त्यांच्या डॉक्टरांनाच विचारायला सांगा. पांढरा भाग कोलेस्टेरॉलशिवाय असतो, त्याबद्दलही तिथेच विचारता येईल. प्रयोगशाळेचा कागद आला की त्याची एक प्रत त्यांना द्या, डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल.